जुना बॅटरी चार्जर उघडताना : भाग ओळखणे, भाग बदलणे आणि माझी एक चूक



आजचा लेख एका पत्र्याच्या पेटीबद्दल आहे. अकलूजला आमच्या घरी माळ्यावर एक जुना बॅटरी चार्जर पडून होता. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पूर्वी बॅटरी चार्जिंग आणि रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान चालवायचे. वाडीवस्तीवर वीज नसायची किंवा असून नसल्यासारखी असायची, त्या काळातली ही गोष्ट. रविवारी सकाळी महाभारत बघायचं म्हणून लोक शनिवारीच बारा व्होल्टची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून दुकानात आणून टाकायचे, असं आप्पा सांगतात. दुकान बंद झालं, चार्जर मात्र राहिला.

गेल्या हंगामात माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलाने विचारलं, "बाई, आमच्या छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरतीय, तुमच्याकडं चार्जर हाय का?" त्यांची डाळिंबाची बाग आहे, फवारणी त्याच ट्रॅक्टरवर होते. मी चार्जर खाली काढला, लावून बघितला. आवाज येत होता, पण अँपिअर मीटरची सुई जेमतेम हलत होती. मनात म्हटलं, दुरुस्त करायचाच आहे तर वर्गातच उघडू. पुढे जे झालं त्यात एक गोष्ट चांगली झाली आणि एक वाईट. दोन्ही सांगते, कारण हा उपक्रम तुमच्यापैकी कोणी केला तर माझी चूक तुमच्याकडून होऊ नये.

आधी सुरक्षितता, आणि ती नुसती सूचना म्हणून नाही

मुलांना "हात लावू नका" म्हणून उपयोग नसतो, आपण सगळ्यांनी शिकवलेलं आहे. मी वेगळं केलं. चार्जरची भिंतीकडे जाणारी वायर तशीही कुजली होती, रबर भेगाळलं होतं. ती मी घरीच काढून टाकली. शनिवारी सकाळच्या शाळेत पेटी मुलांच्या हातात गेली तेव्हा तिला वायरच नव्हती. मग २३० व्होल्टचा प्रश्नच येत नाही. नवीन तीन पिनची वायर मी नंतर घरी बसवली, हिरवी वायर पेटीच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळून. बऱ्याच जुन्या चार्जरना अर्थिंग नसतं आणि पेटी लोखंडी असते, हे पालकांनीही घरी तपासून बघण्यासारखं आहे.

दुसरं, चार्जरमध्ये मोठा कपॅसिटर असेल तर वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. आमच्या पेटीत तो नव्हता. असला तर त्याच्या दोन टोकांना बारा व्होल्टचा बल्ब थोडा वेळ लावून ठेवायचा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची जी पद्धत दुकानांत दिसते ती मुलांसमोर तरी करू नये.

पेटीत काय काय दिसलं

झाकण काढल्यावर मुलांना म्हटलं, नावं विचारू नका. आधी सांगा, वीज कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते. बोटाने वाट दाखवा. हा प्रश्न फार उपयोगी पडला. अर्ध्या तासात फळ्यावर पेटीचा नकाशा तयार झाला : आत येणारी वायर, काचेचा फ्यूज, गोल फिरणारं बटण, एक जड ठोकळा, चौकोनी पत्र्यांची एक माळ, मीटर, आणि दोन चिमटे. एवढंच. आजच्या मोबाइल चार्जरपेक्षा हे किती सोपं असतं बघा. म्हणूनच शिकवायला जुनी वस्तू चांगली.

जड ठोकळा म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याच्याकडे दोन बारीक वायरी येतात आणि दोन जाड वायरी निघतात. एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, आत बारीक आणि बाहेर जाड का?" पाटाचं उदाहरण दिलं. आमच्या तालुक्यात नीरा उजवा कालवा आहे, त्यामुळे पाणी म्हटलं की मुलांना पटकन समजतं. उंचावरून पडणारं पाणी थोडं असलं तरी जोर मोठा. तोच जोर कमी करून तेवढंच काम करायचं असेल तर पाणी जास्त लागतं, पाट रुंद लागतो. व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो, करंट वाढला की तार जाड लागते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून बारीक वायरींमध्ये मोजलं तर दहाबारा ओहम आले, जाड वायरींमध्ये जवळपास शून्य. याचा अर्थ दोन्ही गुंडाळ्या तुटलेल्या नाहीत. बारीक बाजूला मीटरने काहीच दाखवलं नसतं तर ट्रान्सफॉर्मर गेला असं समजायचं, आणि मग हा सगळा खटाटोप बहुधा परवडत नाही. नवीन चार्जर घ्यावा.

फ्यूज ठीक होता. फिरणारं बटण सहा व्होल्ट आणि बारा व्होल्ट यांत निवड करायचं. त्याचे पितळी संपर्क काळे पडले होते, बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर ठीक झाले. चिमट्यांजवळ तांब्यावर हिरवट मोराचूद चढला होता. वायर दोन इंच कापून, नवीन तांबं उघडं करून, डाग मारून घेतला. मी सांगते, जुन्या चार्जरच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. भाग बदलायच्या आधी सांधे बघा.

छोट्या लाल दिव्याला एक रेझिस्टर होता, त्यावर रंगांचे पट्टे : तपकिरी, काळा, लाल. रंगांचे आकडे मुलांना फार आवडतात. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा पट्टा पुढे किती शून्यं ते सांगतो. म्हणजे १, ० आणि दोन शून्यं, १००० ओहम. मुलांनी वहीत रंगीत खडूने पट्टे काढून एकमेकांना कोडी घातली. जुन्या रेझिस्टरवर लाल आणि तपकिरी यांत घोटाळा होतो, तेव्हा शेवटी मीटरनेच खात्री करायची. दिव्याचं गणितही करून घेतलं : बारा व्होल्टमधले दोन दिव्याला गेले, उरले दहा. दहा भागिले हजार म्हणजे ०.०१ अँपिअर. गुणाकार-भागाकार कशाला शिकायचे असं विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर पुरलं.

चौकोनी पत्र्यांची माळ

खरा प्रश्न इथे होता. एका दांडीवर ओवलेले, मधे थोडी थोडी जागा सोडलेले चौकोनी पत्रे, वर राखाडी रंग. मुलांनी त्याला "पापडाची चळत" नाव दिलं. हा सेलेनियम रेक्टिफायर. पुस्तकी भाषेत दिष्टकारी.

त्याचं काम काय? ट्रान्सफॉर्मरमधून जी वीज येते ती प्रत्यावर्ती, सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होणारी. बॅटरीला एकाच दिशेने वीज हवी, म्हणजे दिष्ट धारा. एका दिशेने जाऊ देणारं आणि उलट दिशेला अडवणारं दार मधे पाहिजे. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखं. पाणी वर जातं, खाली उतरत नाही. आठवीच्या धाराविद्युतच्या पाठात मुलं विद्युतघट शिकतात, पण हे दार त्यांना बघायला मिळत नाही. ते इथे हातात धरून दाखवता येतं.

सिलिकॉनचे डायोड स्वस्त होण्याआधी हे काम सेलेनियमचे पत्रे करायचे. धातूच्या पत्र्यावर सेलेनियमचा पातळ थर देऊन ते बनवत. एक पत्रा उलट्या दिशेने वीसतीस व्होल्टच अडवू शकतो, म्हणून जास्त व्होल्टेजसाठी ते माळेत ओवायचे. मोठे आणि मोकळे ठेवायचे कारण गरम होतात. वय झालं की त्यांचा अडथळा वाढत जातो, चार्जर दरवर्षी थोडा थोडा मंद होतो. आमच्या माळेतला एक पत्रा काळा पडला होता, त्यावर फोड आले होते. सेलेनियम जळतं तेव्हा सडलेल्या मुळ्यासारखा घाण वास येतो आणि तो धूर विषारी असतो. असा वास आला तर चार्जर बंद करून खोलीबाहेर यायचं, जवळ जाऊन हुंगायचं नाही. काळा पत्रा मी मुलांना हाताळू दिला नाही.

असा रेक्टिफायर आता नवीन मिळत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या जागी सिलिकॉनचा ब्रिज बसवतात : एका चौकोनी ठोकळ्यात चार डायोड. अकलूजच्या दुकानात मिळाला. तिथे नसता तर पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवला असता. ठोकळ्यावर केबीपीसी २५१० असं छापलेलं होतं. यातला २५ म्हणजे पंचवीस अँपिअर आणि १० म्हणजे हजार व्होल्ट. छोट्या काळ्या डायोडवर १एन४००७ लिहिलेलं असतं, तो एकच अँपिअरचा. १एन५४०८ तीन अँपिअरचा. बॅटरी चार्जरला हे लहान डायोड लावून काही उपयोग नाही, फटाक्यासारखे जातात. दहा अँपिअरच्या चार्जरला पंचवीसचा ठोकळा घ्यावा, कारण बॅटरीकडे करंट एकसारखा जात नाही, उसळ्या मारत जातो आणि उसळी सरासरीपेक्षा बरीच मोठी असते.

ठोकळ्याचे चार पाय ओळखायचे असे : एक कोपरा कापलेला असतो, त्याच्याजवळचा पाय अधिकचा. तो पाय इतर तिघांच्या मानाने आडवा वळलेलाही असतो. त्याच्या समोरचा तिरका पाय उणेचा. उरलेले दोन ट्रान्सफॉर्मरचे, ते कसेही जोडा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मुलांनी प्रत्येक जोडी तपासली. एका दिशेने ५०० ते ६०० च्या मधला आकडा, उलट दिशेने काही नाही. स्वस्त मीटरवर "काही नाही" म्हणजे डावीकडे नुसता १ दिसतो, तो आकडा नव्हे. हे मुलांना दोनदा सांगावं लागतं. दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आला तर डायोड आतून जोडला गेलेला, म्हणजे निकामी.

घरी मी ठोकळा पेटीच्या पत्र्याला स्क्रूने बसवला, खाली उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावून. जोडला. सुई सटकन नऊवर. आप्पांच्या काळात ती चारवर असायची, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मला काय वाटलं असेल? वाटलं, वा, नवा भाग बसवल्यावर केवढा जोरात चालतोय! सोमवारी वर्गात सुईचा फोटो दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांना चार्जर दिला.

सकाळी काय झालं

त्यांनी रात्री पडवीत बॅटरी चार्जिंगला लावली आणि झोपले. सकाळी मुलगा सायकलवरून आमच्या घरी आला. तोंड उतरलेलं. "बाई, बॅटरी उकळली." मी त्याच्याबरोबर गेले. बॅटरीच्या झाकणांतून पाणी उडालेलं, कुजक्या अंड्याचा वास, शहाबादी फरशीवर जिथे आम्ल सांडलं तिथे पांढरे खड्डे. आम्ल आणि चुनखडीचा पाठ फरशीवरच झाला, पण तो क्षण शिकवायचा नव्हता. फरशीवर खाण्याचा सोडा टाकला, भरपूर पाणी ओतलं, मुलाला लांब उभं केलं. झाकणं उघडून बघितलं तर पत्रे उघडे पडले होते.

गॅरेजवाल्याने काटा बुडवून सहापैकी दोन घट गेल्याचं सांगितलं. पूर्ण भरलेल्या घटातल्या आम्लाची घनता १.२५ ते १.२८ असायला हवी. त्या दोघांत काटा वरच येत नव्हता. बॅटरी तशी जुनी होती, पण सारखी उतरत असली तरी काल संध्याकाळी ती ट्रॅक्टर चालू करत होती, आणि आता करत नव्हती. फवारणी दोन दिवस लांबली. डाळिंबाला पावसाळी हवेत दोन दिवस म्हणजे काय, ते इकडच्या पालकांना सांगायला नको.

मी आप्पांना सांगितलं. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यांनी चार्जरवरून हात फिरवला आणि विचारलं, "आधी किती घेत होता?"

"चार."

"आता?"

"नऊ."

"मग वरचे पाच तू कुठं न्यायचे ठरवलेस?"

चूक कुठे होती

नव्या भागात दोष नव्हता. दोष माझ्या समजुतीत होता. मी सेलेनियमची माळ म्हणजे फक्त दार समजले. ती दार होतीच, पण तिच्यात स्वतःचा अडथळाही होता, आणि ज्यांनी चार्जर बनवला त्यांनी तो अडथळा हिशोबात धरला होता. तो काढून मी मोकळं दार बसवलं.

हिशोब असा. आमच्या ट्रान्सफॉर्मरमधून १५ व्होल्ट निघतात. हे सरासरीसारखं माप आहे. प्रत्यावर्ती विजेचं टोक त्याच्या १.४१ पट असतं, म्हणजे सुमारे २१.२ व्होल्ट. चार्ज होत असलेली बॅटरी १३.५ व्होल्ट धरू. वीज बॅटरीत तेव्हाच शिरते जेव्हा टोक बॅटरीच्या आणि दाराच्या बेरजेहून वर जातं. उंचावरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल तर जोर टाकीच्या उंचीपेक्षा जास्त लागतो तसं.

सिलिकॉनचे दोन डायोड वाटेत येतात, प्रत्येकी ०.७ व्होल्ट खातात, मिळून १.४. बेरीज १४.९. टोकापर्यंत उरले ६.३ व्होल्ट. जुना सेलेनियम मात्र अशा वेळी चारेक व्होल्ट खात असेल. बेरीज १७.५. उरले ३.७. आणि नुसतं उरलेलं व्होल्टेज वाढत नाही, प्रत्येक उसळीत वीज वाहण्याचा वेळही वाढतो. दोन्ही मिळून करंट दुपटीच्या वर जातो. चारचे नऊ झाले ते असे. कागदावर मांडलं तेव्हा मला घाम फुटला, कारण हे गणित सातवीच्या मुलांना निम्मं तरी समजलं असतं. मी आधी मांडलंच नाही.

पन्नास अँपिअर-तासाच्या बॅटरीला दहावा हिस्सा, म्हणजे पाच अँपिअरपर्यंत करंट द्यावा, असा जुना नियम. नऊ जात होते. त्यात आणखी एक. बॅटरी भरत आली की तिचं व्होल्टेज वाढतं आणि करंट कमी व्हायला हवा. जुनी माळ होती तेव्हा तो पुष्कळ कमी व्हायचा, रात्रभर ठेवली तरी निभायचं. नव्या दाराने शेवटपर्यंत करंट रेटला. १४.४ व्होल्टच्या वर गेल्यावर वीज बॅटरीत साठत नाही, पाण्याचं विघटन करते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, पाणी संपतं. पडवी मोकळी होती म्हणून बरं. बंद खोलीत तो हायड्रोजन आणि एक ठिणगी, एवढं पुरतं. म्हणून चिमटे लावायचे आधी, भिंतीचं बटण नंतर. काढताना उलटं, बटण आधी बंद, मग चिमटे.

इथे एक बारीक फसवणूक आहे, दुरुस्ती करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी. बॅटरी न जोडता मल्टिमीटरने अशा चार्जरचं व्होल्टेज मोजलं तर बाराच्या आसपास येतं. बघणाऱ्याला वाटतं, हा तर कमी देतोय. पण मीटर उसळ्यांची सरासरी दाखवतो. टोक वीसच्या जवळ असतं. तो आकडा बघूनच मी निर्धास्त झाले होते.

मुलांना सांगितलं ते

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगणं अवघड गेलं. टाळ्या वाजवलेला फोटो अजून मोबाइलमध्ये होता. मी तोच परत दाखवला आणि विचारलं, चारची सुई नऊवर का गेली असेल? मागच्या बाकावरच्या मुलाने, ज्याची बॅटरी गेली त्याने, सांगितलं, "बाई, पापडाची चळत वीज अडवत असणार थोडी." त्याला ते रात्रीत समजलं होतं. तो घरी चार्जरकडे बघत बसला होता म्हणे.

बॅटरीचे पैसे मी द्यायला गेले. त्याचे वडील घेईनात. "बाई, आमची बॅटरी म्हातारीच होती, तुम्ही पोराला शिकवता तेवढं पुरे." मी म्हटलं, दादा, चार्जर मी दिला होता, आणि सुई नऊवर आहे हे मला दिसत होतं. शेवटी निम्म्यावर तयार झाले. जुनी बॅटरी त्यांनी नवीन घेताना दुकानातच परत दिली, तिचे पैसे वळते झाले. भंगारवाल्याला देऊन त्याने आम्ल गटारात ओतून शिसं काढायचं, हे टाळायला हवं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मुलांकडून घरी हे सांगवून घ्या.

या निमित्ताने मला पाबळच्या विज्ञान आश्रमाची आठवण झाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यात तो सुरू केला. मुलं तिथे गावाला लागणारी खरी कामं करत शिकतात, जोडकाम, वीज, शेती, आणि कामाचा मोबदलाही घेतात. तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. डीएडला असताना आम्ही त्याबद्दल परीक्षेपुरतं वाचलं होतं. खऱ्या कामात खरं गिऱ्हाईक असतं, आणि काम चुकलं तर त्याचं नुकसान होतं, हा त्यातला भाग तेव्हा ध्यानात आला नव्हता. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले आहेत. त्यांतले दोन दिवस अशा दुरुस्तीला द्यावेत असं माझं मत आहे. पण दुरुस्त झालेली वस्तू गावात देण्याआधी ती शाळेत, आपल्या डोळ्यांसमोर, पूर्ण वेळ चालवून बघावी. मी ते केलं नाही.

चार्जर आता कसा आहे

काढून टाकलेला अडथळा परत घालायचा होता. आप्पांनी दोन उपाय सांगितले.

पहिला वर्गासाठी. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ६०/५५ वॅटचा बल्ब, दोन्ही तारा एकत्र जोडून, अधिकच्या वायरीत मधे घालायचा. मग बॅटरीकडे जाणारा सगळा करंट बल्बमधून जातो. बॅटरी रिकामी असली तर बल्ब जास्त तांबूस दिसतो, भरत आली की मंद होतो. मुलांना करंट डोळ्यांनी दिसतो. आमच्याकडे सुई सुरुवातीला तीनच्या जवळ होती, संध्याकाळी दोनवर आली. बल्ब गरम होतो, त्याला पत्र्याच्या डब्यात बसवा आणि बॅटरीपासून दूर ठेवा.

दुसरा कायमचा. ०.३३ ओहमचा, अॅल्युमिनियमच्या आवरणातला ५० वॅटचा रेझिस्टर पेटीच्या पत्र्याला बसवायचा. चार अँपिअरचा वर्ग गुणिले ०.३३ म्हणजे पाच वॅटच्या वर उष्णता, आणि करंट उसळ्यांचा असल्याने प्रत्यक्षात दुपटीहून जास्त. म्हणून दहा वॅटचा घेऊन भागत नाही. हा बसवल्यावर सुई पुन्हा चारच्या थोडी खाली आली. शिवाय अधिकच्या वायरीत दहा अँपिअरचा फ्यूज घातला, कारण चिमटे कोणी उलटे लावले तर बॅटरीची सगळी ताकद डायोडमधून धावते आणि ठोकळा क्षणात जातो. फ्यूज प्रत्येक वेळी वाचवेलच असं नाही, म्हणून चिमट्यांना लाल आणि काळी टेपही गुंडाळली.

एवढं करूनही हा चार्जर आपोआप बंद होणारा नाही. भरल्यावर कोणीतरी बंद करावा लागतो. त्यामुळे तो आता शाळेतच असतो. ज्यांना लागेल ते बॅटरी घेऊन शाळेत येतात, आणि मुलं दर अर्ध्या तासाने सुई आणि व्होल्टेज वहीत लिहितात. १४.४ आले की मला हाक मारायची, बटण मी बंद करते. पहिल्या पानावर तारीख आहे, बॅटरी कोणाची ते आहे, आणि त्याच मुलाच्या अक्षरात वेळा लिहिल्या आहेत : साडेदहा, ३ अँपिअर, १२.६. अकरा, ३ अँपिअर, १२.८. साडेअकराची ओळ कोरी आहे, तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.